शोधणाऱ्यास दुकान सांपडावें कसें?

जालना जिल्ह्यांत पूर्णा आणि केळणा या नद्यांच्या संगमावर जाफराबाद हें तालुक्याचें गांव वसलेलें आहे. मराठवाड्याच्या या कडेस बुलढाणा जिल्ह्याची हद्द जवळ आहे, आणि कापूस, सोयाबीन, मका यांच्या पेरणीवर व भावावर येथील बाजारपेठेचें वर्ष बरें कीं वाईट हें ठरतें. अशा गांवांतील एका दुकानदाराची कल्पना करावी. तो बीं-बियाणें, ठिबक सिंचनाचें साहित्य आणि फवारणीचे पंप विकतो. पुण्यांत नोकरी करणाऱ्या त्याच्या पुतण्यानें काकांच्या दुकानासाठीं एक संकेतस्थळ तयार करून दिलें आहे. त्यावर दुकानाचें छायाचित्र आहे, मालकाचें नांव आहे, दूरध्वनीचा क्रमांक आहे. परंतु पांचसात कोसांवरील शेतकरी आपल्या मोबाईलवर ठिबकची नळी कोठें मिळेल हें शोधूं लागला, कीं यादीच्या पहिल्या पानावर त्या दुकानाचा मागमूसहि नसतो. दुकान आहे, माल आहे, गिऱ्हाईकहि आहे. पण दोघांची गांठ पडत नाहीं. ती कां पडत नाहीं, आणि ती पडावी म्हणून दुकानदारानें काय करावें, हाच आजचा विषय आहे.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा खुद्द गांवाच्या नांवांतच सांपडतो. जाफराबाद नांवाचें गांव हें एकच नाहीं. गुजराथेंत अमरेली जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जाफराबाद नांवाचें बंदर आहे. १९४८ पर्यंत तें कोंकणांतील जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या अमलाखालीं होतें. त्याच बंदराच्या नांवावरून सौराष्ट्रांतील धिप्पाड म्हशींच्या जातीस ‘जाफराबादी’ हें नांव पडलें. दिल्लीच्या ईशान्य भागांतहि जाफराबाद नांवाची दाट वस्ती असून तेथें मेट्रोचें स्थानक आहे. आतां नुसता ‘जाफराबाद’ हा एक शब्द ज्याच्यापुढें आला, त्या यंत्रानें काय समजावें? विचारणाऱ्यास बंदर हवें आहे, म्हैस हवी आहे, दिल्लीचा मोहल्ला हवा आहे, कीं पूर्णाकांठचा तालुका हवा आहे? विचारणारा माणूस कोठें उभा आहे यावरून यंत्र कांहीं अनुमान बांधतें, हें खरें. परंतु ज्या दुकानाच्या पानावर ‘जालना’ हा शब्दच कोठें नाहीं, त्याच्या बाबतींत तें अनुमान लंगडें पडतें. पत्रावर अर्धाच पत्ता लिहिला तर टपालवाल्यास दोष देतां येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार आहे.

हें नीट समजण्यासाठीं शोधयंत्र म्हणजे काय आणि तें काम कसें करितें, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. कोणी प्रश्न विचारल्यावर शोधयंत्र त्या क्षणीं जगभर धांवत जातें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. शोधयंत्राचें काम तीन टप्प्यांत चालतें. पहिल्या टप्प्यांत त्याचे यांत्रिक दूत एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्या पानावर, असे रात्रंदिवस फिरत असतात आणि जें दिसेल तें वाचून आणतात. दुसऱ्या टप्प्यांत त्या वाचलेल्या मजकुराची सूची तयार होते. मोठ्या ग्रंथाच्या शेवटीं शब्दांची सूची असते व कोणता शब्द कोणत्या पानावर आहे हें तींत पाहतां येतें, तशीच ही, मात्र अफाट. तिसरा टप्पा हा प्रश्न विचारल्यानंतरचा. त्या वेळीं यंत्र जगाकडे पाहत नाहीं, आपल्या सूचीकडे पाहतें, आणि सूचींतील हजारों पानांपैकीं कोणतें आधीं व कोणतें मागून दाखवावें याचा क्रम लावतें. म्हणून ज्या पानापर्यंत दूत पोंचलाच नाहीं, किंवा पोंचूनहि ज्याला तें वाचतां आलें नाहीं, तें पान सूचींत नसतें. आणि जें सूचींत नाहीं त्याचा क्रम लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

हा क्रम लावावयाचा कसा, हें पहिल्यापासूनच कठीण कोडें होतें. १९९४ मध्यें अमेरिकेंत ‘याहू’ सुरू झालें, तेव्हां तेथें माणसेंच संकेतस्थळें पाहून त्यांची वर्गवारी करीत. पानांची संख्या लाखांवर गेली तशी ती रीत अपुरी पडूं लागली. पुढें यंत्रें शब्द मोजून क्रम लावूं लागलीं. त्याबरोबर एकच शब्द शंभर वेळां लिहून वर चढण्याची युक्ति लोकांनीं शोधून काढली. याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं निराळा विचार केला. विद्वानांच्या जगांत ज्या निबंधाचा उल्लेख इतर निबंधांत पुष्कळ वेळां येतो, तो निबंध महत्त्वाचा मानला जातो. आणि उल्लेख करणारा स्वतः जितका मान्यवर, तितकें त्याच्या उल्लेखाचें वजन अधिक. हाच न्याय त्यांनीं संकेतस्थळांस लावला. एका पानानें दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा ही एक साक्ष होय, असें त्यांनीं धरिलें. या पद्धतीस ‘पेजरँक’ असें नांव मिळालें, आणि १९९८ च्या सप्टेंबरांत त्यांच्या ‘गूगल’ या कंपनीची स्थापना झाली. एस. टी. च्या थांब्यावर उतरलेल्या परक्या माणसानें चांगलें बियाणें कोठें मिळेल असें विचारलें, आणि एकमेकांशीं संबंध नसलेल्या चौघांनीं एकाच दुकानाकडे बोट दाखविलें, तर त्याचा विश्वास बसतो. दुकानदारानें स्वतःच ओरडून सांगितलें तर तो तितका बसत नाहीं. गूगलच्या मूळ कल्पनेंत याहून अधिक गूढ असें कांहीं नाहीं.

त्या दिवसांपासून आजपर्यंत क्रम लावण्याच्या कसोट्या पुष्कळ वाढल्या आहेत. साक्षी ही त्यांतील केवळ एक. पानाचा विषय आणि विचारलेला प्रश्न यांचा मेळ, मजकुराचा कस, विचारणाऱ्याचें ठिकाण, पान उघडण्यास लागणारा वेळ, मोबाईलवर वाचण्याची सोय अशा अनेक गोष्टी एकत्र तोलल्या जातात. कोणत्या गोष्टीस किती वजन, हें कंपनी प्रसिद्ध करीत नाहीं आणि तें प्रमाण वारंवार बदलतेंहि. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निष्पन्न होते. लहान दुकानदारास दूरध्वनी करून ‘महिन्याभरांत तुम्हांला गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतों, हमी आमची’ असें सांगणारे लोक पुष्कळ असतात. ही हमी कोणासच देतां येत नाहीं, असें खुद्द गूगलनें आपल्या सूचनांत स्पष्ट लिहून ठेवलें आहे. पैसे देऊन जी जागा मिळते ती जाहिरातीची. तिच्यावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते, आणि पैसे थांबले कीं ती त्याच दिवशीं नाहींशी होते. त्या पैशानें खालच्या स्वाभाविक यादींतील क्रम वर सरकत नाहीं. जाहिरात करणें हें वाईट नव्हे. परंतु भाड्याच्या जागेस मालकीची जागा समजून पैसे मोजणें हें मात्र शहाणपणाचें नव्हे. ज्या घरचा वर्षाचा नफा एका पावसाळ्यावर अवलंबून आहे, त्या घरास हा फरक आधीं कळणें जरूर आहे.

मग जें दुकानदाराच्या हातीं आहे तें कोणतें? पहिली गोष्ट म्हणजे पान यंत्रास वाचतां आलें पाहिजे. येथें मराठी दुकानदाराची एक खास अडचण आहे व ती बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. देवनागरी अक्षरांस ‘युनिकोड’ या जागतिक पद्धतींत १९९१ पासूनच निश्चित स्थान आहे. परंतु आपल्याकडील छपाईच्या कामांत कृतिदेव, शिवाजी यांसारखे जुने टंक दीर्घ काळ चालत आले. या टंकांत लिहिलेला मजकूर माणसाच्या डोळ्यांस स्वच्छ मराठी दिसतो. यंत्राच्या दृष्टीनें मात्र तो रोमी अक्षरांचा अर्थहीन ढीग असतो. दुकानाचें माहितीपत्रक ज्या छापखान्यांत झालें, तेथूनच तो मजकूर उचलून संकेतस्थळावर ठेवला, तर सुंदर दिसणारें तें पान यंत्राच्या लेखीं निरर्थक ठरतें. दुसरा प्रकार याहूनहि अधिक आढळतो. भावांचा तक्ता, पत्ता, मालाची यादी हें सर्व एका रंगीत चित्रांत बसवून तें चित्रच पानावर चिकटविलेलें असतें. चित्रांतील अक्षरें ओळखण्याची विद्या आतां यंत्रांस अवगत झाली असली, तरी साध्या मजकुराची खात्री चित्राला येत नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. पानावरील एक ओळ उचलून दुसरीकडे एखाद्या संदेशांत चिकटवून पाहावी. मराठी अक्षरें जशींच्या तशीं उमटलीं तर ठीक, न उमटलीं तर तो मजकूर युनिकोडमध्यें पुन्हां लिहून घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. हातच्या कांकणास आरसा नको.

दुसरी गोष्ट नांव आणि ठिकाण यांची. ‘जाफराबाद, जिल्हा जालना, महाराष्ट्र’ एवढें पूर्ण लिहिण्यास अर्धी ओळ पुरते, आणि त्या अर्ध्या ओळीनें गुजराथचें बंदर, सौराष्ट्राची म्हैस व दिल्लीचा मोहल्ला हीं तिन्हीं बाजूला सरतात. ही ओळ पानाच्या मथळ्यांत, पत्त्यांत आणि मजकुराच्या आरंभीं असावी. त्यांतहि मथळ्याकडे विशेष लक्ष द्यावें. शोधयंत्राच्या यादींत निळ्या अक्षरांत जी ओळ दिसते ती बहुधा पानाच्या या मथळ्यावरूनच घेतलेली असते; पुष्कळ संकेतस्थळांवर तेथें ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘सुस्वागतम्’ एवढेंच लिहिलेलें असतें. दारावरची पाटी कोरी ठेवून आंत दिवे लावण्यासारखें हें आहे. गांवाचें नांव रोमी लिपींत कोणी एका ‘एफ’नें लिहितो, कोणी दोन, कोणी मध्यें आणखी एक स्वर घालतो. यंत्र अशीं रूपें बरींचशीं ओळखतें. तरी दुकानाची पाटी, पावतीपुस्तक, संकेतस्थळ आणि नकाशावरील नोंद या सर्व ठिकाणीं दुकानदारानें स्वतः एकच रूप वापरावें. चार ठिकाणीं चार नांवें आणि दोन दूरध्वनी क्रमांक असले, म्हणजे तीं एकाच दुकानाचीं आहेत कीं निरनिराळ्या, असा संशय यंत्रासच नव्हे, माणसासहि येतो. मोठ्या गांवांचीं नांवेंहि बदलतात. औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर झालें तें २०२३ मध्यें; परंतु जुन्या नांवानें शोधणारे लोक अजूनहि आहेत. तेथील गिऱ्हाइकांस माल पोंचविणाऱ्या दुकानानें नवें नांव लिहून एकवार जुन्याचाहि उल्लेख केला, तर त्यांत गैर कांहीं नाहीं, सोयच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे गिऱ्हाइकाचे शब्द. दुकानदार संकेतस्थळ लिहावयास बसला, कीं त्याच्या अंगांत एकाएकीं सरकारी भाषा संचरते. तो ‘सूक्ष्म सिंचन प्रणालीचे अधिकृत वितरक’ असें लिहितो. शेतकरी मात्र ‘ठिबक’ म्हणतो, ‘नळी’ म्हणतो, ‘कपाशीचें बियाणें’ म्हणतो, ‘हातपंप कीं बॅटरीचा पंप’ असें विचारतो. आणि पुष्कळदां हेंच सर्व तो रोमी अक्षरांत लिहितो किंवा मोबाईलपुढें नुसतें बोलतो. यंत्र अलीकडे समानार्थी शब्द बऱ्याच प्रमाणांत जाणूं लागलें आहे. परंतु इंग्रजीइतका मराठीचा साठा त्याच्याजवळ नाहीं, आणि मराठवाड्यांतील बोलींतील शब्दांचा तर त्याहूनहि कमी. म्हणून दुकानाच्या पेढीवर दिवसभर जे प्रश्न कानांवर येतात, ते एका वहींत लिहून ठेवावे. महिन्याभरांत त्या वहींत जें जमेल, तेंच संकेतस्थळाचें खरें टांचण होय. त्यासाठीं बाहेरच्या तज्ज्ञाची जरूरी नाहीं. उलट बाहेरच्या तज्ज्ञास तें टांचण करतांच येणार नाहीं.

त्या वहीवरून प्रत्येक मोठ्या प्रश्नासाठीं एक स्वतंत्र पान करावें. एकाच पानावर बियाणें, नळ्या, पंप आणि खतें यांची खिचडी केली, म्हणजे कोणत्याहि एका प्रश्नास तें पान नेमकें उत्तर ठरत नाहीं. ठिबकच्या पानावर नळीचे प्रकार, त्यांत काय फरक, कोणत्या पिकासाठीं कोणती घेतात, जोडणी कोण करून देतो, नळी तुंबल्यास काय करावें, माल किती दूरवर पोंचविला जातो, आणि भाव कोणत्या तारखेचे आहेत, एवढें साध्या भाषेंत यावें. उत्पादक कंपनीच्या पुस्तिकेंतील मजकूर जसाच्या तसा उतरून ठेवण्याचा मोह पुष्कळांस होतो. तोच मजकूर शेंकडों विक्रेत्यांनीं उतरलेला असतो. मग यंत्रानें जाफराबादच्याच प्रतीस पुढें कां आणावें? या भागांतील जमिनींत, येथल्या विहिरीच्या पाण्यावर काय चालतें व काय चालत नाहीं, हें वीस वर्षें पेढीवर बसलेला माणूसच सांगूं शकतो, आणि तेंच दुसऱ्या कोठेंहि सांपडत नाहीं. जालना हा बियाण्यांच्या उद्योगाचा जिल्हा. ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनीं येथेंच १९६४ मध्यें स्थापिली, आणि १९९८ मध्यें त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यांत बियाण्यासंबंधीं जाणतें लिहूं शकणारीं माणसें थोडीं नाहींत. उणीव आहे ती तें लिहिण्याच्या संवयीची.

चौथी गोष्ट वेगाची. शेतकरी मोबाईलवर पाहतो, तोहि बहुधा शेताच्या बांधावरून, जेथें जाळें क्षीण असतें. मोबाईलवर नीट वाचतां येणाऱ्या पानांस गूगलनें एप्रिल २०१५ पासून झुकतें माप दिलें, आणि आतां तें पानाचें मोबाईलवरील रूपच मुख्य मानतें. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आंत दिसावा, असें तें सांगतें. लहान संकेतस्थळ मंद होण्याचें कारण बहुधा एकच असतें: कॅमेऱ्यांतून निघालेलीं अवजड छायाचित्रें तशींच चढविलेलीं असतात. तीं आकारानें लहान करून ठेवण्याचें काम पुण्याच्या पुतण्यास एका रविवारीं करतां येईल. त्याच रविवारीं संकेतस्थळाचा पत्ता सुरक्षित जोडणीचा आहे कीं नाहीं, हेंहि त्यानें पाहून घ्यावें; २०१४ पासून तीहि एक लहानशी कसोटी आहे.

पांचवी गोष्ट संकेतस्थळाच्या बाहेरची आहे, पण लहान दुकानास बहुधा तीच सर्वांत लवकर फळ देते. ती म्हणजे गूगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद. हिला २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’ असें नांव आहे आणि ती विनामूल्य असते. ‘जवळचें कृषि-सेवा केंद्र’ असा प्रश्न आला, कीं प्रथम नकाशा व त्याखालीं दोन-चार दुकानें दिसतात, तीं या नोंदींतूनच येतात. त्यांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवरून लागतो: प्रश्नाशीं जुळणी, विचारणाऱ्यापासूनचें अंतर आणि दुकानाची ख्याति. अंतर दुकानदाराच्या हातीं नाहीं; बाकीच्या दोन गोष्टी आहेत. धंद्याचा प्रकार अचूक निवडावा, दुकानाच्या वेळा खऱ्या लिहाव्या, सणासुदीच्या सुट्ट्या आधीं कळवाव्या, आणि गिऱ्हाइकांनीं लिहिलेल्या अभिप्रायांस उत्तरें द्यावीं. प्रतिकूल अभिप्रायास शांतपणें दिलेलें उत्तर हें दहा स्तुतींपेक्षां अधिक विश्वास उत्पन्न करितें. सूट किंवा बक्षीस देऊन अभिप्राय लिहवून घेणें मात्र नियमाविरुद्ध आहे. आणि गांवांत ही गोष्ट लपत नाहीं.

साक्षींचीहि गोष्ट अशीच आहे. ज्या कंपन्यांचा माल दुकानांत आहे, त्यांच्या विक्रेत्यांच्या यादींत आपलें नांव व संकेतस्थळ आहे कीं नाहीं तें पाहावें. तालुक्यांतील व्यापारी संघटना, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या, ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनास दुकानानें हातभार लावला ती शाळा, जिल्ह्याचें वर्तमानपत्र, यांच्याकडून सहज आलेला एक दुवा विकत घेतलेल्या हजार दुव्यांपेक्षां मोलाचा ठरतो. विकत घेतलेल्या साक्षी पकडल्या जातात, आणि त्यांत मोठ्यांचीहि गय होत नाहीं. २००६ च्या फेब्रुवारींत बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचें जर्मन संकेतस्थळ गूगलनें कांहीं काळ आपल्या यादींतून काढून टाकिलें; कारण यंत्रास एक पान व माणसास दुसरेंच पान दाखविण्याची युक्ति तेथें आढळली. २०११ मध्यें जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानमालिकेसाठीं असंबद्ध संकेतस्थळांवर हजारों दुवे पेरलेले असल्याचें ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें उघडकीस आणिलें, आणि ती दुकानमालिका यादींत एकदम खालीं घसरली. त्याच वर्षीं पोकळ मजकुराविरुद्ध ‘पांडा’ आणि पुढल्या वर्षीं खोट्या दुव्यांविरुद्ध ‘पेंग्विन’ या नांवाचे बदल गूगलनें केले. असल्या कंपन्या धक्का सोसून पुन्हां उभ्या राहतात. तालुक्याच्या दुकानास ऐन मृगाच्या तोंडावर यादींतून नाहींसें होणें परवडणारें नाहीं.

कांहीं युक्त्या तर निव्वळ निरुपयोगी असूनहि अद्याप विकल्या जातात. पानाच्या पोटांत, वाचकास न दिसणाऱ्या जागीं, शोधशब्दांची लांबलचक यादी भरून देण्याचे पैसे कोणी मागितले, तर ती यादी आपण क्रमासाठीं मुळींच विचारांत घेत नाहीं हें गूगलनें सप्टेंबर २००९ मध्येंच जाहीर केलें आहे, असें त्यास सांगावें. जाफराबाद, भोकरदन, चिखली, देऊळगांव राजा अशा प्रत्येक गांवाच्या नांवानें गांवाचें नांव तेवढें बदलून एकच पान वीस वेळां ठेवणें, हेंहि त्याच माळेंतील आहे. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असलीं तीं पानें असतात. भोकरदनच्या शेतकऱ्यास सांगण्यासारखें कांहीं निराळें असेल, तरच त्याच्या गांवाच्या नांवाचें निराळें पान करावें.

येथें अपेक्षांनाहि बांध घातला पाहिजे. या सर्व कामाचें फळ आठवड्यांत दिसत नाहीं. सुधारणांचा परिणाम दिसण्यास बहुधा चार महिन्यांपासून एका वर्षापर्यंत अवधि लागतो, असें गूगलचेंच सांगणें आहे. खरिपाचें गिऱ्हाईक पाहिजे असेल तर कामास दिवाळीच्या सुमारास लागावें. मृग नक्षत्र लागल्यावर नव्हे. तसेंच, ‘बियाणें’ एवढ्या एका शब्दावर साऱ्या महाराष्ट्रांत पहिलें येण्याची आकांक्षा जाफराबादच्या दुकानानें धरूं नये. तींत मोठमोठ्या कंपन्यांशीं व्यर्थ झुंज होते. त्याचें गिऱ्हाईक दहा-पंधरा कोसांच्या टापूंत आहे, आणि त्या टापूंतून येणारे प्रश्न लांब व नेमके असतात. ज्या प्रश्नांत माल, काम आणि गांव हीं तिन्हीं आहेत, त्या प्रश्नांच्या उत्तरीं वर येणें लहान दुकानास खरोखर शक्य आहे.

प्रगति मोजण्यासाठींहि खर्च नाहीं. गूगलचेंच ‘सर्च कन्सोल’ हें विनामूल्य साधन आहे. आपलें पान कोणकोणत्या शब्दांवर यादींत दिसलें, किती वेळां दिसलें आणि किती जणांनीं तें उघडलें, हें त्यांत कळतें. एखादें पान सूचींत शिरलेंच नसेल तर तेंहि कळतें. परंतु याहून चांगलें माप पेढीवरच आहे. नवीन गिऱ्हाईक आलें, कीं दुकानाची माहिती कोठून मिळाली एवढें विचारून वहींत एक खूण करावी. क्रमांक दुसरा आहे कीं पांचवा, यावर दुकान चालत नाहीं. तें चालतें तें येणाऱ्या माणसांवर.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून भारतांतहि गूगल कांहीं प्रश्नांवर यादीच्या आधीं यंत्रानें रचलेलें आयतें उत्तर दाखवूं लागलें आहे. तें वाचून पुष्कळ लोक पुढें कोठें जातच नाहींत, त्यामुळें केवळ सामान्य माहितीवर जगणाऱ्या संकेतस्थळांस मोठा धक्का बसला. ठिबक म्हणजे काय, हें आतां यंत्रच सांगेल. परंतु आज जाफराबादेंत ती नळी कोणाकडे आहे, कोणत्या भावानें आहे आणि उद्यां सकाळीं जोडून देण्यास कोणी येईल काय, हें यंत्रास स्वतः ठाऊक असण्याचा संभव नाहीं; कोणी तरी तें खरें व स्पष्ट लिहिलेलें असेल, तरच तें त्यास सांगतां येईल. म्हणजे पारडें पुन्हां लहान दुकानदाराच्या बाजूस झुकतें, मात्र त्यानें लिहिलेलें असलें पाहिजे.

शहरांतील सुशिक्षित घरांचा या सर्वांशीं संबंध आहे. पुण्या-मुंबईंतील पुष्कळ कुटुंबांचें मूळ घर अशाच एखाद्या तालुक्याच्या गांवीं असतें, आणि तेथील काकाच्या, मामाच्या किंवा मेव्हण्याच्या दुकानाचें संकेतस्थळ करून देण्याची विनंती त्यांच्याकडेच येते. त्या विनंतीस मान देतांना रंग, चित्रें आणि हलणारीं अक्षरें यांच्या आधीं पांच प्रश्न विचारावे: मजकूर युनिकोडमध्यें आहे काय? गांवाबरोबर जिल्ह्याचें नांव आहे काय? शब्द गिऱ्हाइकाचे आहेत काय? पान मोबाईलवर झटकन उघडतें काय? नकाशावरील नोंद खरी व पूर्ण आहे काय? या पांचांचीं उत्तरें होकारार्थीं असलीं, तर अर्ध्याहून अधिक काम झालें. उरलेलें काम पुतण्याचें नव्हे, काकांचें. गिऱ्हाइकास पेढीवर जें ते रोज तोंडानें समजावून सांगतात, तेंच त्यांच्याच शब्दांत लिहवून घेण्याचें.